पोदेराचं हँडल

आमच्या पार्से गावात सकाळी साडेसहाच्या सुमारास पोदेराचा भोंपू वाजतो. पों पों, पों पों. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पोदेर म्हणजे दारोदार पाव घेऊन फिरणारा. सायकलच्या मागे बांबूची भली मोठी पाटी, तिच्यावर प्लास्टिकचं कापड, आत गरम पाव, उंडे, पोय, कांकणं. हा भोंपू मी लहानपणापासून ऐकतो आहे. पण पोदेराच्या सायकलचं हँडल कसं असतं, हे मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिलं. पाठीने पाहायला लावलं म्हणायचं.

माझी पाठ मी डिचोलीत घालवली. १९८१ पासून एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, नंतर फोरमन. घर पेडण्यात, नोकरी डिचोलीत. शिवोलीचा पूल झाला नव्हता तेव्हा चोपड्याला मोटरसायकल फेरीबोटीत घालायची, पलीकडे उतरून म्हापसा, अस्नोडा, मुळगाव करत कामावर पोचायचं. दिवसभर डंपरच्या खाली वाकून काम. दुरुस्त झालेली गाडी चालवून बघायची तीही खाणीच्या रस्त्यावर, जिथे रस्ता कमी आणि खड्डे जास्त. मोठ्या यंत्रांवर आणि डंपरवर वर्षानुवर्षे बसणाऱ्यांना पाठीची दुखणी जास्त होतात, हे जगभर नोंदलं गेलं आहे. आम्हाला ते नोंदीशिवाय कळत होतं. संध्याकाळी गाडीतून उतरताना निम्मे लोक एक हात कमरेवर ठेवूनच उतरायचे.

२०१२ साली खाणी बंद पडल्या. डिचोली तालुक्यात त्या वर्षी कोणाच्या घरात काय झालं, ते इथे लिहीत बसत नाही. ज्यांच्याकडे हातातली कला होती त्यांनी काही ना काही सुरू केलं. माझ्या वर्कशॉपमधल्या एका टर्नर मित्राने डिचोलीत छोटं लेथ टाकलं. मी घरी आलो, बागायत बघू लागलो आणि पाठ जास्तच दुखू लागली. काम सुटलं की दुखणं सुटतं, हा आपला भ्रम असतो.

तीन वर्षांपूर्वी मुलाने सायकल घेऊन दिली. गिअरची, डिस्क ब्रेकची, ज्याला हल्ली हायब्रिड म्हणतात ती. "बाबा, चालणं जमत नाही म्हणता ना, मग ही चालवा." सायकल सुंदर होती. पहाटे पार्से ते मांद्रे, जुनसवाड्यापर्यंत जाऊन समुद्राला नमस्कार करून परत, असा नेम सुरू झाला. पहिले पंधरा दिवस मी खूश. मग मान आखडू लागली, तळहाताला मुंग्या येऊ लागल्या आणि एके दिवशी घरी येऊन सायकलवरून उतरलो तो सरळ होताच येईना. अंगणात कंदिलासारखा वाकून उभा. बायको म्हणाली, "अहो, सायकल आत ठेवते मी, तुम्ही आधी तुळशीपाशी टेका." तपासणीत कमरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली दिसली. ओळखीचे सगळे एकमुखाने म्हणाले, सायकल विकून टाका.

फक्त फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी वेगळं सांगितलं. त्यांनी मला सायकल घेऊन बोलावलं, भिंतीला धरून वर बसायला सांगितलं आणि बाजूने मोबाइलवर फोटो काढला. फोटो पाहून मला माझीच लाज वाटली. पाठ कोळंबीसारखी गोल, मान मात्र समोर बघण्यासाठी वर मोडलेली. बाई म्हणाल्या, "सायकल बंद करू नका. अशी चालवणं बंद करा."

त्यांनीच एक जुना प्रयोग सांगितला. स्वीडनमधले अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. त्यांच्या मोजमापांवरून एक आकडेवारी प्रसिद्ध झाली: उभं असताना चकतीवरचा दाब १०० धरला, तर सरळ बसल्यावर तो १४० आणि पुढे वाकून बसल्यावर १८५. पुढे जर्मनीत झालेल्या मोजमापात साध्या बसण्याचा आकडा इतका मोठा आला नाही, पण कमरेतून वाकून बसलं की दाब चढतो हे तिथेही दिसलं. सायकलवर हातांचा टेकू असतो, त्यामुळे खुर्चीचे आकडे तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी मला मुद्दा कळला. आता हात कुठे ठेवायचे, एवढाच प्रश्न उरला. म्हणजे हँडलचा.

म्हापशाच्या बाजारात गेलो. तिथल्या दुकानातल्या पोराने अत्यंत आत्मविश्वासाने एक अॅल्युमिनियमचा दांडा पुढे केला. हँडल ज्या आडव्या तुकड्याला धरलेलं असतं त्याला स्टेम म्हणतात. हा दांडा स्टेमच्या खाली बसतो आणि हँडलला सुमारे आठ सेंटीमीटर वर उचलतो. दहा मिनिटांत बसवूनही दिला. मी दुकानासमोरच्या गल्लीत एक चक्कर मारली, बरं वाटलं, पैसे दिले.

चार दिवसांत दुखणं परत. तेव्हा कुठे माझ्यातला फोरमन जागा झाला आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सायकलची पुढची नळी उभी नसते, मागे कललेली असते, जमिनीशी साधारण ७२ अंशांत. तिच्यावर आठ सेंटीमीटरचा दांडा चढवला की हँडल वर जातं साडेसात सेंटीमीटर, पण माझ्याकडे येतं जेमतेम अडीच. माझा त्रास उंचीचा कमी आणि अंतराचा जास्त होता. हँडल वर गेलं तरी हात तसेच ताणलेले, खांदे तसेच पुढे ओढलेले. उंच टांगलेला नारळ काढताना आपण सरळ उभे असतो म्हणून खांदा दुखत नाही असं थोडंच आहे?

कितीतरी लोक इथेच फसतात म्हणून हे एवढं लिहिलं. पाठीसाठी हँडल शोधणारा प्रत्येक जण "उंच" शोधतो. शोधायचं असतं "जवळ".

पोदेर आला तो इथे. त्या सकाळी मी पाव घ्यायला फाटकाशी गेलो. तो सायकलवरून न उतरताच, एक पाय आमच्या पायरीवर टेकवून, मागे हात घालून उंडे मोजत होता. माझी नजर त्याच्या कोपरांवर गेली. कोपरं बरगड्यांशी सैल लोंबत होती, खुर्चीत बसून ताट मांडीवर घेतल्यासारखी. पाठीमागे पाटीत सगळ्या वाड्याचे पाव, तरी माणूस ताठ. कारण हँडल त्याच्याकडे चालून आलं होतं. मधोमध धरलेलं, जरासं पुढे जाऊन दोन्ही बाजूंनी गोल वळलेलं आणि मुठी थेट त्याच्या पोटाच्या दोन बाजूंना. मुठी धरल्यावर त्याचे तळवे एकमेकांकडे बघत होते. माझ्या सरळ दांड्यावर तळवे जमिनीकडे बघतात आणि मनगट मुरगळलेलं राहतं. तळहातातल्या मुंग्या त्यातूनच.

मी त्याला थांबवून टेप आणली. तो हसला, पण थांबला. सीटच्या पुढच्या टोकापासून मुठीच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर त्याच्या सायकलवर माझ्या सायकलपेक्षा जवळजवळ वीतभर कमी भरलं. खिडकीतून आवाज आला, "अहो, त्याचे पाव निवतायत. सायकल विकत घेताय का त्याची?"

सायकल विकत घ्यायचा विचार खरंच आला होता. तसलं हँडल काही पोदेराचं खास नाही. आपल्याकडच्या काळ्या दणकट सायकलींना, अॅटलस, हिरो, रॅले, सगळ्यांनाच ते असायचं. इंग्रजीत त्याला नॉर्थ रोड म्हणतात, लंडनच्या एका जुन्या सायकल क्लबच्या नावावरून. तिथून ते ब्रिटिश सायकलींबरोबर जगभर गेलं. सोनीपतची अॅटलस १९५१ ची, लुधियानाची हिरो १९५६ ची. दोघांनीही तो आकार उचलला आणि दूधवाले, टपालवाले, शिक्षक, पोदेर सगळे त्यावर ताठ बसले. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद झाला, तोही नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. ती बातमी वाचून मला उगाचच आमच्या खाणीच्या फाटकावरची नोटीस आठवली होती.

माझ्या वडिलांकडे रॅले होती. तिला असंच हँडल होतं. आणि आम्ही मुलांनी काय केलं असेल? शाळेत असताना मी आणि माझ्या चुलतभावाने ते सैल करून उलटं बसवलं. मुठी खाली, मान खाली, रेसची सायकल! वडिलांनी कानाखाली एक दिली आणि हँडल सुलटं करून घेतलं. तेव्हा फुकट मिळालेलं मी आता पैसे देऊन शोधत होतो.

सायकल विकत घेण्याऐवजी नुसतं हँडल घ्यावं म्हटलं, तर ते बसत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. सळीच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीचं हँडल आणि त्याची खाली जाणारी दांडी बहुतेक एकच, जोडलेली असते. शिवाय ब्रेकच्या सळ्यांचे कान त्याच्यावरच डाखलेले. ती दांडी २२.२ मिलिमीटर जाडीची, फोर्कच्या नळीत वरून घुसणारी. माझ्या नव्या सायकलीत उलटा कारभार: फोर्कची नळी २८.६ मिलिमीटरची, ती वर येते आणि स्टेम तिला बाहेरून मिठी मारतं. नवं नि जुनं हँडल यांचा संसार जमणं शक्य नव्हतं.

मग सावंतवाडीला गेलो. आम्हा पेडणेकरांना म्हापसा जितका जवळचा तितकीच सावंतवाडी. तिथल्या एका जुन्या दुकानात मालकांनी माझं सगळं पुराण ऐकून घेतलं, वर माळ्यावर चढले आणि धूळ झटकत एक चकचकीत हँडल खाली घेऊन आले. वर उचललेलं, मागे वळलेलं, दोन्ही मुठी जवळ. आकार हुबेहूब हवा तसा. दांडी वेगळी, म्हणजे नुसतं हँडल सुटं मिळत होतं. मी खूश होऊन खिशातलं व्हर्नियर काढलं, तेवढ्यात ते म्हणाले, "ह्या हँडल चेडवांच्या सायकलीचा आसा, काका. चलात तुमका?"

लेडीज सायकलचं हँडल. क्षणभर मी गप्प झालो, खोटं कशाला बोलू? तिठ्यावर बसणारी मंडळी डोळ्यांसमोर आली. मग कंबर आठवली. साडेतीनशे रुपये दिले आणि हँडल वर्तमानपत्रात गुंडाळून घेतलं.

या हँडलची मापं सांगतो, कारण दुकानात कोणी सांगत नाही आणि नंतर घरी डोकं धरून बसावं लागतं. हँडलची दोन मापं महत्त्वाची. एक, मधोमध जिथे स्टेम त्याला पकडतं तिथली जाडी. जुन्या आणि साध्या सायकलींत ती बहुतेक २५.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक इंच. नव्या गिअरच्या सायकलींत बहुधा ३१.८. दुसरं माप मुठीपाशी, जिथे ब्रेक आणि गिअरचे खटके बसतात. तिथे सरळ हँडल असो की हे वळलेलं, दोन्हींत २२.२. म्हणजे माझे जुने ब्रेक आणि खटके नव्या हँडलवर चढणार होते. रेसच्या शिंगाळ्या हँडलची गोष्ट वेगळी, त्याची नळी मुठीपाशी जाड असते आणि त्याचे ब्रेकही निराळे. ज्यांची सायकल तशी असेल त्यांना हँडलबरोबर ब्रेकही बदलावे लागतील, खर्च वाढेल. सरळ हँडलवाल्यांनी मात्र घाबरू नये.

अडचण मधल्या जाडीची होती. माझं स्टेम ३१.८ चं, हँडल २५.४ चं. सायकलवाल्याने सुचवलं होतं की पत्र्याची पट्टी गुंडाळून आवळा. असलं काही करू नका. इथे फरक ६.४ मिलिमीटरचा आहे, प्रत्येक बाजूला ३.२ ची फट. गुंडाळलेला पत्रा उतारावर सरकला तर ब्रेकसकट हँडल हातात फिरेल आणि तोंड रस्त्यावर. यासाठी दोन अर्धगोल तुकड्यांचं तयार बुश मिळतं, दुकानात शिम म्हणून मागायचं. मी तयार घेतलं नाही. डिचोलीच्या मित्राला फोन केला.

तो म्हणाला, "माप सांग." मी सांगितलं. "बाहेरून ३१.८, आतून २५.४, लांबी?" चाळीस म्हटलं. दोन दिवसांनी म्हापशाला येणाऱ्या बसमधून एका ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पुडी आली. आत अॅल्युमिनियमचं बुश, मधोमध चिरलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. खाणीत असताना तो साडेतीन फूट व्यासाचे भाग लेथवर चढवायचा. पुडीवर पेनने लिहिलं होतं: "पैसे नको. सायकलवरून ये."

हे वाक्य मी खिशात ठेवलं. पार्से ते डिचोली एका बाजूने तीसेक किलोमीटर. त्या दिवशी मला जुनसवाड्यापर्यंतचा विश्वास नव्हता.

हँडल बसवायला अर्धा दिवस लागला. आधी तो उंच करणारा दांडा काढून टाकला, कारण हँडलच मुळात वर आलेलं होतं. माझ्या स्टेमला पुढून चार स्क्रूंचं झाकण आहे, त्यामुळे वळलेलं हँडल सरळ आत बसलं. झाकण नसलेल्या जुन्या स्टेममधून असलं वळण सरकवणं म्हणजे बांगडी मुठीतून घालण्यासारखं, कधी जमतं, कधी नाही. चारही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. ताकद लावून नाही. आम्हा डंपरवाल्या फिटरांना हे समजायला वेळ लागतो, आमच्या हाताला मोठ्या पान्याची सवय. इथे स्टेमवर ५ न्यूटन-मीटर असं लिहिलेलं असतं, ती मनगटाची ताकद आहे, खांद्याची नव्हे.

मग माझी चूक झाली. हँडल मागे आलं म्हणजे वायरी पुरतील असं मी धरून चाललो. सरळ समोर बघत असताना पुरत होत्या. अंगणातून बाहेर पडून डावीकडे वळलो तर गिअर आपोआप खाली पडला, चेन खडखडली आणि मी शेजाऱ्यांच्या गडग्याला टेकलो. हँडल पूर्ण फिरवलं की वायर ताणली जात होती. हे गिअरच्या वायरीला झालं म्हणून हसण्यावारी गेलं, पुढच्या ब्रेकच्या वायरीला झालं असतं तर दात गेले असते. तेव्हा नवं हँडल बसवलं की पुढचं चाक जमिनीवर ठेवून हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. वायर कुठेही तट्ट व्हायला नको. मी आउटरसकट सगळ्या वायरी लांब घेऊन नव्याने टाकल्या. ज्यांच्या डिस्क ब्रेकमध्ये तेल असतं त्यांनी हे घरी करू नये, नळी बदलली की तेल भरून हवा काढावी लागते.

त्याच वेळी मी अतिशहाणपणा करून आखूड स्टेमही मागवलं होतं. हँडल जवळ आलंय, अजून जवळ आणू! वळताना मुठीचं टोक गुडघ्यावर आपटू लागलं. मुकाट्याने जुनं स्टेम परत चढवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मी चाळीस शिकाऊ पोरांना शिकवलं असेन.

आता पाठीचं सांगतो. मानेला आणि तळहाताला पहिल्याच आठवड्यात आराम पडला. पाठीला नाही. उलट बूड दुखू लागलं. कारण सरळ आहे: जे वजन हातांवर होतं ते आता सीटवर आलं. माझी सीट पुढे वाकून बसणाऱ्यासाठी बनवलेली, अरुंद आणि कडक. आणि अगदी काटकोनात ताठ बसलो की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा सीटमधून थेट मणक्यात चढतो, मध्ये हातांची उशी राहत नाही. डंपरमध्ये तेच तर होत होतं. म्हणजे हँडल बदलून मी सायकलीचा छोटा डंपर केला होता.

काळ्या सायकलीच्या सीटखाली जाडजूड स्प्रिंगा का असतात, ते तेव्हा उलगडलं. ज्यांनी ते हँडल काढलं त्यांनीच ती सीटही काढली होती, दोन्ही एकमेकांसाठी. मी रुंद, स्प्रिंगची सीट घेतली, टायरची हवा थोडी कमी केली, आणि हँडल अगदी वर न ठेवता मुठी किंचित खाली झुकवल्या. आता मी जरासा पुढे कललेला असतो, पण कमरेतून नव्हे, खुब्यातून. देवळात नमस्काराला वाकताना पाठ सरळ ठेवून वाकतो ना, तितपत. बाईंनी पुन्हा फोटो काढला. कोळंबी गेली होती.

माझी भाची नेदरलँड्समध्ये असते. तिला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "मामा, ही तर ओमाफिट्स!" ओमा म्हणजे आजी, फिट्स म्हणजे सायकल. तिकडे आजीची सायकल म्हणूनच ओळखली जाणारी ही बैठक बायका, पुरुष, कॉलेजची पोरं सगळे वापरतात, कोणी हसत नाही. अर्थात त्यांचा देश सपाट. आमच्याकडे समुद्रकाठ सोडला की सडा चढावा लागतो. ताठ बसून चढ चढणं जड जातं हे कबूल करतो. चढावर मी वळणाच्या पुढच्या भागावर हात ठेवून थोडा वाकतो, मग परत मुठींवर. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला की जुनसवाड्याकडे जाताना छाती शिडासारखी होते. वेग थोडा कमी झाला. कुठे वेळेवर पंचिंग करायचं आहे?

कोणी हे वाचून लगेच हँडल शोधायला निघणार असेल तर आधी एवढं बघा. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा वाढत असेल, पाय लुळा पडतो असं वाटत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर हँडल बिंडल विसरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते नसेल तर बाजूने एक फोटो काढून घ्या. मग मधल्या जाडीचं माप, स्टेमला झाकण आहे की नाही, वायरींची लांबी. आणि सीटसाठी पैसे बाजूला ठेवा. हँडल स्वस्त मिळतं, सीट मिळत नाही.

तिठ्यावरच्या मंडळींनी अपेक्षेप्रमाणे स्वागत केलं. "काय फोरमन, नातीची सायकल आणली?" तिसऱ्या दिवशी त्यांतल्याच एकाने, जो कमरेला पट्टा बांधून फिरतो, हळूच मुठी धरून बघितल्या आणि विचारलं, "सावंतवाडीत कुठलं दुकान म्हणालास?"

गेल्या डिसेंबरात, थंडी बरी पडली होती तेव्हा, पहाटे पाचला निघालो. बायकोने थर्मास आणि दोन उंडे पिशवीत घातले. "अहो, दुखलं तर बसमध्ये बसा, सायकल टपावर टाका. तिथे हिरोगिरी नको." आगरवाडा, चोपडे. पुलावर थांबलो, खाली शापोरा नदीवर धुकं होतं आणि जुन्या फेरीच्या धक्क्यावर कोणी गळ टाकून बसलेला. शिवोली, म्हापसा. थिवीच्या पुढे रस्त्यावर ट्रक वाढले तेव्हा मनात चलबिचल झाली. अस्नोड्याला चहा घेतला, बाकड्यावरून उठताना सवयीने हात कमरेकडे गेला. कळ होती, पण ती रोजचीच, बागेत गवत काढल्यावर होते तेवढी. मुळगावचा चढ मी उतरून चाललो. त्यात कमीपणा नाही, चढ आहेच तसा.

डिचोलीत शिरलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मित्राने नुकतंच दुकानाचं शटर वर केलं होतं. मला पाहून तो काही बोलला नाही. खाली बसला, चष्मा कपाळावरून खाली ओढला, स्टेमच्या फटीतून आपल्या बुशाकडे बघितलं, हँडल दोन्ही हातांनी धरून जोराने हलवून पाहिलं. हललं नाही.

"नाय सरकलां," तो म्हणाला, आणि चहा सांगायला उठला.